शाळेचा तास आणि शाळेबाहेरचे मैदान: मुंबईतील गुणवान खेळाडू-विद्यार्थ्यांच्या जडणघडणीची पार्श्वभूमी

खेळात विशेष गती असलेला विद्यार्थी हेरण्याचे आणि त्याला पुढे नेण्याचे काम मुंबईत शारीरिक शिक्षणाच्या तासाने क्वचितच केले. ते प्रामुख्याने आंतरशालेय स्पर्धांनी आणि शाळेबाहेरच्या प्रशिक्षकांनी केले. या व्यवस्थेचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आहे. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची हॅरिस शिल्ड ही आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०१ मध्ये तिच्या जोडीला गाइल्स शिल्ड आली. आज पहिली सोळा वर्षांखालील, तर दुसरी चौदा वर्षांखालील मुलांची मानली जाते. दोन्ही मुलांच्याच, त्यामुळे शहरातील शालेय क्रिकेटची ही सर्वांत जुनी शिडी मुलींच्या वाट्याला आलीच नाही.

शारीरिक शिक्षणाची वाट यापेक्षा वेगळी होती. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यानंतर इलाख्यात या विषयाला सरकारी पाठबळ मिळाले, आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. कवायत, सूर्यनमस्कार, लेझीम आणि सांघिक खेळ यांतून प्रत्येक मूल धडधाकट व शिस्तशीर व्हावे, हा त्यामागचा विचार होता. तो योग्यच होता. मात्र त्याच्या केंद्रस्थानी सर्वसाधारण मूल होते. भरलेल्या वर्गाला एका तासात मैदानावर नेऊन परत आणायचे असते, तेव्हा एखाद्याच्या धावण्यातील किंवा उडीतील असामान्य चमक पी.टी.च्या सरांना दिसली, तरी तिच्यासाठी वेगळा वेळ काढण्याची सोय वेळापत्रकात नव्हती.

ही उणीव मैदानांनी भरून काढली. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे क्रिकेट शिकणाऱ्या सचिन तेंडुलकरने त्यांच्याच सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला आणि सरावासाठी मैदानाजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे मुक्काम हलवला. शाळा कोणती, हे येथे अभ्यासापेक्षा संघ पाहून ठरले. आधार द्यायला शाळा, प्रशिक्षक आणि घर ही तिन्ही एकत्र आली, असेही याकडे पाहता येईल. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ती याच व्यवस्थेचे फळ होते. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेल्या अमोल मुझुमदारला फलंदाजी मिळालीच नाही, हा तपशील मुंबईत कौतुकाने सांगितला जातो. पण मोजक्या शाळांत गुणवान मुले एकवटली की त्यांच्यातीलच काहींना संधी कमी पडते, हेही त्यातून दिसते. पुढे सरफराज खानच्या ४३९ (२००९) आणि पृथ्वी शॉच्या ५४६ (२०१३) धावा याच स्पर्धेत झाल्या. असे डाव फलंदाजाची जिद्द दाखवतात, तसेच बलाढ्य आणि दुबळ्या शाळांमधील दरीही.

क्रिकेटेतर खेळांत शाळांचा वाटा आणखी कमी राहिला. मल्लखांब शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी जपला, तर कबड्डी आणि खो-खो गिरणगावातील व दादरच्या मंडळांनी. या मंडळांत शुल्कापेक्षा नियमित हजेरीला मोल होते, त्यामुळे महापालिकेच्या शाळेतील मुलालाही तेथे जागा मिळाली.

सरकारी आधार उशिरा आला. भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि त्याच दशकात राज्याच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. मात्र तेथे निवड झालेल्या मुंबईच्या मुलाला बहुधा घर आणि शाळा दोन्ही सोडावी लागतात. दहावी-बारावीतील क्रीडागुणांची सवलत आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण ही मिळालेल्या यशाची दखल आहे; यशापूर्वीच्या वर्षांत त्यांचा उपयोग नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या खेलो इंडिया शालेय स्पर्धांतून निवडलेल्यांना वार्षिक आर्थिक साहाय्य मिळू लागले, तेव्हा त्या वर्षांकडे थोडे लक्ष गेले. इंग्लंडमध्ये १९९९ च्या योजनेनुसार शहरी भागांतील शाळांनी प्रत्येक इयत्तेतील पाच ते दहा टक्के विद्यार्थी विशेष गुणवान म्हणून हेरावेत, अशी अपेक्षा होती आणि त्यात खेळाचाही समावेश होता. आपल्याकडे ही जबाबदारी शाळेवर अशी कधी टाकली गेली नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी प्रोत्साहन द्यावे, असा स्वतंत्र उल्लेख आहे. मुंबईतील अनेक शाळांचा पी.टी.चा तास मात्र आजही गच्चीवर, चिंचोळ्या पटांगणात किंवा जवळच्या सार्वजनिक मैदानावर होतो.