बारा आणि तेरा नंबरच्या पिना

पहिल्या पिढीच्या निसान लीफमध्ये स्टिअरिंगखाली वाकून पाहिलं की सोळा पिनांचं एक सॉकेट दिसतं. हा ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीतले बिघाड तपासण्यासाठीचं सॉकेट. मुळात तो पेट्रोलगाड्यांसाठीचा. धूर मर्यादेत आहे ना, हे तपासता यावं म्हणून अमेरिकेत 1996 पासून तो सक्तीचा झाला. 2010च्या डिसेंबरात आलेल्या लीफला धूरच नाही, तरी सॉकेट आहे. त्यातल्या 12 आणि 13 नंबरच्या पिना मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

गाडीतले छोटे कॉम्प्युटर ज्या जाळ्यावर बोलतात त्याला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये ते जगापुढे मांडलं. तारा दोनच, आणि एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. लीफमध्ये अशी तीन जाळी आहेत. ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंचं जाळं 6 आणि 14 वर, ऑडिओ-नेव्हिगेशनचं 3 आणि 11 वर, आणि बॅटरी, मोटर, चार्जर यांचं 12 आणि 13 वर. बाजारातला साधा रीडर, म्हणजे पोर्टला लावून गाडीची माहिती वाचणारं उपकरण, कॅनसाठी फक्त 6 आणि 14 ला जोडलेला असतो. त्यातून गाडीला प्रश्न विचारता येतात, पण बॅटरी आणि मोटर आपसात काय बोलतात ते त्याला ऐकू येत नाही.

म्हणून लोक स्वतः केबल बनवतात. गाडीकडची 13 रीडरच्या 6 ला, गाडीकडची 12 रीडरच्या 14 ला. रीडरला वीज देणाऱ्या 16 वर कायम 12 व्होल्ट असतात, त्यामुळे ती तार चुकून डेटाच्या पिनेला लागली तर रीडर जळू शकतो.

त्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊनच न्यायच्या. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणाऱ्या भागाच्या) प्रचंड वेगाने चालू-बंद होणाऱ्या प्रवाहामुळे तारांमध्ये खरखर शिरते. पीळ असला की ती दोन्हींत जवळपास सारखीच शिरते, आणि कॅन वाचतो तो दोन तारांमधला फरक, सुमारे 2 व्होल्टचा. खरखर वजा होऊन जाते. जाळ्याच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोध (रेझिस्टर) असतात. गाडी बंद करून 12 आणि 13 मध्ये मल्टिमीटर लावला तर 60 ओहमच्या आसपास दिसायला हवेत. रीडर जोडल्यावर 40 दिसले तर त्याच्या पोटात तिसरा रोध आहे. तो काढून टाकावा.

आता ऐका. 55बी क्रमांकाच्या संदेशात चार्ज असतो. समजा त्याचा पहिला बाइट, म्हणजे आठ बिटांचा (0 किंवा 1 अशा अंकांचा) गट, 200 आहे; त्याची चौपट 800. दुसऱ्या बाइटचे वरचे दोन बिट 2 सांगतात. एकूण 802, म्हणजे 80.2 टक्के. 1डीबी क्रमांकाच्या संदेशात बॅटरीचा प्रवाह असतो, सेकंदाला शंभर वेळा. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की त्या आकड्याचं चिन्ह उलटतं आणि वीज बॅटरीत परत जाताना दिसते.