बंदुकीचा हक्क आणि वर्गाचे कुलूप : अमेरिकेतील शाळासुरक्षेची पार्श्वभूमी

१९९२ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत बारावीचा एक विद्यार्थी .३८ चे पिस्तूल आणि पाच गोळ्या घेऊन शाळेत आला आणि पकडला गेला. शाळेभोवती हजार फुटांत बंदूक बाळगण्यास बंदी घालणारा संघीय कायदा १९९० मध्येच झाला होता. त्याखाली त्याला शिक्षा झाली, पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाच रद्द केला. शस्त्रहक्काशी या निकालाचा संबंध नव्हता. शाळेजवळ बंदूक असणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) त्यावर कायदा करता येत नाही, एवढाच मुद्दा होता. पुढल्याच वर्षी ‘आंतरराज्य व्यापारातून आलेली बंदूक’ अशी शब्दयोजना करून बंदी परत आली. त्याच राज्याचा परवाना असलेल्याला मात्र या संघीय बंदीतून सूट आहे. शाळेला ‘गन-फ्री झोन’ (बंदूकमुक्त क्षेत्र) म्हणताना ही सूट सहसा विसरली जाते.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाईन शाळेत गोळीबार झाला. तिथल्या चारपैकी तीन बंदुका हल्लेखोरांच्या अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीने गन शोमध्ये (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात) खासगी विक्रेत्यांकडून आणल्या होत्या. संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची पूर्वतपासणी करावी लागते, खासगी विक्रेत्याला नाही. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये गन शोपुरती ही फट बुजवली. देशपातळीवर तसा प्रयत्न सँडी हूक शाळेतल्या हल्ल्यानंतर २०१३ मध्ये झाला, पण सिनेटमध्ये साठ मते लागत असताना चोपन्नच पडली.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराला न्यायालयाने आधीच स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. ती नोंद तपासणीच्या संगणक यादीत पोचलीच नाही, आणि त्याला दोन पिस्तुले रीतसर विकली गेली. यादी कितीही चांगली असली तरी राज्यांनी तिच्यात नोंदी भरल्या नाहीत तर ती निकामीच. २००८ च्या जानेवारीतला कायदा त्यासाठीच आला.

त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ‘हेलर’ निकाल लागला. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत नागरी सेनेचा उल्लेख असला, तरी शस्त्राचा हक्क व्यक्तीचा आहे, असे न्यायालयाने प्रथमच स्पष्ट सांगितले. शाळांसारख्या ‘संवेदनशील’ जागी बंदी चालेल, हेही त्यात आहे. पण घरातली बंदूक सुटी करून किंवा घोड्याला कुलूप लावूनच ठेवावी, हा वॉशिंग्टन शहराचा नियम याच निकालाने रद्द झाला. शाळेच्या दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे. राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या २००२ च्या अभ्यासात १९७४ ते २००० मधले शाळांवरचे ३७ हल्ले तपासले होते, आणि दोन तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरातून घेतली होती. पुढे अनेक राज्यांनी सैल शब्दांत कुलपाचे कायदे केले. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या २०२१ च्या हल्ल्यानंतर हल्लेखोराच्या आईवडिलांनाच २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली.

घरच्या कपाटाला कुलूप सक्तीचे करणे अवघड, म्हणून सगळा भार वर्गाच्या कुलपावर आला. सँडी हूकमध्ये (१४ डिसेंबर २०१२, २० मुले, ६ मोठी माणसे) बाहेरचे दार बंद होते, हल्लेखोर शेजारची काच गोळ्यांनी फोडून आत आला. वर्गांची दारे फक्त बाहेरून, किल्लीने बंद होत. म्हणजे कुलूप लावायला शिक्षिकेने व्हरांड्यात यायचे! चौकशी आयोगाने आतून लागणारे कुलूप सुचवले. ते असे हवे: आतली कळ फिरवली की बाहेरची मूठ निकामी होते, आतली मूठ मात्र एका हालचालीत केव्हाही उघडते, आणि बाहेरून किल्लीने पोलिसांना शिरता येते. दाराला आडवा दांडा लावण्याची युक्ती स्वस्त पडते, पण आगीत ती घातक ठरते आणि हल्लेखोर आत असेल तर मदतीलाच अडवते.

टेक्सासमधल्या यूवाल्डीच्या शाळेतल्या हल्ल्यात (२४ मे २०२२, १९ मुले, २ शिक्षिका) शिक्षिकेने बाहेरचे दार ओढून घेतले होते, तरी ते कुलूपबंद झाले नाही. १११ क्रमांकाच्या वर्गाचे कुलूप बिघडल्याचे शाळेत ठाऊक होते. ३७६ पोलीस जमले, पण हल्लेखोर आत शिरल्यापासून त्यांनी वर्गात प्रवेश करेपर्यंत ७७ मिनिटे गेली, आणि त्यांतला वेळ किल्ली शोधण्यातही गेला. अशा दोषाचे नेहमीचे कारण साधे असते: बिजागऱ्या सैल होऊन दार खाली बसते, लॅचची जीभ चौकटीतल्या खाचेत पोचत नाही, आणि दार लागलेले दिसते पण लागलेले नसते. रोज सकाळी बाहेरून ओढून पाहिले की हे कळते.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतला हल्ला (२०१८) आणि यूवाल्डी, दोन्हीकडे बंदूक कायदेशीर खरेदीची होती. संघीय कायद्यात दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस वर्षे लागतात, रायफलला अठरा. फ्लोरिडाने २०१८ मध्ये रायफलचेही वय एकवीस केले. संघीय कायद्याने जून २०२२ मध्ये एकवीसच्या आतल्यांची तपासणी वाढवली. पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ब्रूएन’ निकालाने शस्त्रकायद्याला ऐतिहासिक परंपरेचा दाखला मागायला सुरुवात केली. २०२५ मध्ये फ्लोरिडाची वयोमर्यादा एका अपील न्यायालयाने वैध ठरवली, तर दुसऱ्याने त्याआधी दीड महिना एकवीसच्या आतल्यांना दुकानातून पिस्तूल विकण्यावरची संघीय बंदी घटनाबाह्य म्हटली होती.