३९४ नॅनोमीटरचा आग्रह कुठून आला?

एलईडीसाठी युरोपियम ३+ चा लाल फॉस्फर सुचवताना ‘तो ३९४ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळतो’ हा मुद्दा आग्रहाने मांडला जातो. फॉस्फर म्हणजे एक प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणारी पावडर. ट्यूबलाइटच्या काळात तिचं काम सरळ होतं: पाऱ्याच्या वाफेतले २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषायचे आणि दृश्य प्रकाश द्यायचा. १९४० च्या दशकात कॅल्शियम हॅलोफॉस्फेट आलं, १९७० च्या दशकात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे फॉस्फर. लालमध्ये युरोपियम घातलेलं यट्रियम ऑक्साइड होतं. त्याची ६११ नॅनोमीटरची रेषा इतकी स्वच्छ की तिचा मोह पुढे कुणाला सुटला नाही.

१९९६ मध्ये निळ्या चिपवर सेरियमयुक्त यॅगचा (यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट) पिवळा थर देऊन पांढरा एलईडी आला. त्यात लाल कमी. ती उणीव भरताना दोन वाटा फुटल्या.

उद्योगाने युरोपियम २+ (दोन धन प्रभार असलेलं युरोपियम) घातलेली नायट्राइडं धरली. ती निळा प्रकाश भरपूर शोषतात, पण नायट्रोजनमध्ये १५०० अंशांच्या वरची भट्टी मागतात. विद्यापीठांतल्या, विदर्भातल्याही, अनेक प्रयोगशाळांकडे मफल फर्नेस, म्हणजे हवेत चालणारी साधी बंद भट्टी, होती आणि १९८० च्या दशकात भारतातच विकसित झालेली ज्वलन पद्धत. धातूंची नायट्रेटं आणि इंधन म्हणून युरिया थोड्या पाण्यात विरघळवून डिश ५०० अंशांच्या मफलमध्ये ठेवायची. मिश्रण उकळतं, फसफसतं, पेट घेतं आणि काही मिनिटांत सच्छिद्र फेस हाती येतो. युरियाचं प्रमाण ऑक्सिडीकरण आणि क्षपणाच्या संयुजा समान ठेवून काढतात: त्रिसंयुजी धातूच्या नायट्रेटच्या १५, युरियाच्या ६. यॅगच्या १ मोलला ३ मोल यट्रियम आणि ५ मोल ॲल्युमिनियम नायट्रेट, म्हणजे १२० भागिले ६, २० मोल युरिया. ॲल्युमिनियम नायट्रेट ओलावा ओढतं. मग वजन फसतं आणि नको त्या फेज, म्हणजे यॅगऐवजी दुसरीच संयुगं, उरतात. डिश लहान असेल तर माल उतू जातो. शिवाय सेरियम हवेत ४+ झालं की उजळत नाही. मग पावडर हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये पुन्हा भाजावी लागते.

दुसरी वाट युरोपियम ३+ ची. त्याला हा व्याप नाही, ते हवेतच बनतं. आमच्या मते त्याच्या लोकप्रियतेचं मोठं कारण हेच. चिपची गरज मागाहून जोडली गेली. पाऱ्याला जुळणारा चार्ज ट्रान्सफर पट्टा (ऑक्सिजनकडून युरोपियमकडे इलेक्ट्रॉन जाताना होणारं जोरदार शोषण) बहुतेक ऑक्साइडांत ३०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा खालीच असतो, एलईडीला तो निरुपयोगी. उरतात चिपच्या पल्ल्यातल्या ३९४ (जवळचं अतिनील) आणि ४६५ (निळा) च्या अरुंद रेषा. त्या एफ-एफ संक्रमणांच्या, म्हणजे युरोपियमच्या आतल्या एफ कक्षांमधल्याच उड्यांच्या, आणि अशा उड्या जवळपास निषिद्ध, त्यामुळे शोषण फार थोडं. आलेखात मात्र सर्वांत उंच शिखर १ धरलं जातं, उभ्या अक्षावर ‘आर्बिट्ररी युनिट’ लिहिलं जातं आणि ३९४ चं शिखर दिमाखात उभं राहतं. पडलेल्या प्रकाशातला १० टक्केच शोषला गेला आणि शोषलेल्याचं ९० टक्के उत्सर्जन झालं, तर बाहेरची कार्यक्षमता ९ टक्के. छापताना ९० पुढे येतो. इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सगळा प्रकाश गोळा करणारा आतून पांढरा पोकळ गोल) शोषण मोजलं की हा घोळ उघड होतो.

ऊर्जेचा हिशेबही विरोधात जातो. ३९४ चा फोटॉन ६१२ ला बाहेर पडला तर ६४ टक्के ऊर्जा उरते, नेहमीच्या निळ्या चिपचा ४५५ चा पडला तर ७४. त्यात चिप तापली की तिची तरंगलांबी सरकते आणि काही नॅनोमीटर रुंदीची रेषा हुकते.

अरुंद लाल शेवटी मिळाला तो मँगनीज ४+ घातलेल्या पोटॅशियम फ्लुओसिलिकेटमधून, ६३१ च्या आसपास. त्याचंही शोषण बेताचंच, म्हणून पावडर जास्त घालावी लागते. पण निळ्यातला पट्टा रुंद आहे. ओलाव्याने मात्र पृष्ठभाग तपकिरी होतो. बनवायला मफल नको, हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकचीच भांडी वापरायची आणि त्वचेवर आम्ल पडल्यास लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवायचं.