सोयाबीनचा हमीभाव आणि उसाची एफआरपी: दर दोन्ही सरकारी, पण कायदा एकाच्याच मागे

२०२५ च्या खरिपातली गोष्ट. काका आमच्या कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका व्यापाऱ्याकडे सोयाबीन घेऊन गेले. हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, पण व्यापाऱ्यानं ओल दाखवून चार हजारांच्या आत दर लावला. घरी येऊन म्हणाले, "सरकारी दरापेक्षा कमी दिलाय. उसाच्या बिलासारखी ह्याचीही तक्रार करूया."

गफलत इथंच होते, आणि ती एकट्या काकांची नाही.

हमीभाव म्हणजे एमएसपी, किमान आधारभूत किंमत. केंद्र सरकार २२ पिकांचा तो जाहीर करतं. सरकार खरेदी केंद्र उघडेल तेव्हा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ह्या दरानं माल घेईल, एवढाच त्याचा अर्थ. केंद्रावर जायचं तर फ्रूट्सचा, म्हणजे कर्नाटकातल्या शेतकरी नोंदणीचा नंबर हवा, जमिनीचा उतारा हवा, सोयाबीनमधला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. व्यापाऱ्यानं त्याखाली माल घेऊच नये, असा केंद्राचा कायदा नाही. त्यामुळे काकांच्या तक्रारीला धरायला कलमच सापडत नाही.

उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मात्र कायद्यातून आलेली आहे. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली १९६६ साली ऊस नियंत्रण आदेश निघाला आणि २००९ च्या दुरुस्तीनं त्यात एफआरपी आली. ती सरकार देत नाही, कारखान्यानं द्यायची. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही थकवली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. आमच्या पट्ट्यात मका-सोयाबीन मागे पडून ऊस का पसरला, ह्याचं एक मोठं कारण मला ह्यातच दिसतं. पाण्याची चिंता असूनही माणूस ज्या पिकाचा पैसा कायद्यानं बांधलेला आहे, तिकडंच वळणार.

पण जाहीर होणारा एफआरपीचा आकडा हातात पडत नाही, हे नीट समजून घ्या. २०२५-२६ साठी टनाला ३५५० रुपये, तेही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर. त्यापुढं उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागं ३.४६, म्हणजे टनाला ३४.६० रुपये वाढतात. म्हणजे कारखान्याचा उतारा ११.२५ असेल तर टनाला ३८९६. हा दर कारखान्याच्या दारातला. तोडणी-वाहतूक त्यातूनच कापतात. ती ८०० धरली तर उरले ३०९६. ऊसतोड टोळीला द्यावी लागणारी खुशाली, ड्रायव्हरची एंट्री हे वरचे पैसे पावतीवर कधीच येत नाहीत, ते खिशातून जातात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी ३५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले, ते ह्याच फरकासाठी. "एफआरपी ३५५० असताना ३५०० कशाला मागताय?" असं शहरातली माणसं विचारत होती. मागणी कपातीनंतर हातात येणाऱ्या पैशाची होती. शेवटी ३३०० वर तोडगा निघाला, त्यातले ५० सरकारचे. बिल लांबलं की सोसायटीचं कर्ज थकतं, किराणा दुकानातली वही वाढते, मुलांची फी राहते. गाव उसाच्या बिलावर चालतं, मग तुमच्या नावावर एक गुंठाही नसेना का.

आमच्याकडं बिलं कन्नडमध्ये येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचून दाखवा आणि ऊस वजनाच्या काटा पावत्या फेकू नका. काकांच्या त्या बोलण्यानंतर मी त्यांचा मागच्या हंगामाचा गठ्ठा सोडला. ४० टन ऊस, टनाला ३१०० प्रमाणे १,२४,००० रुपये. पावतीवरच्या तारखेपासून पासबुकात पैसे जमा होईपर्यंत ४१ दिवस गेले होते. १४ वजा केले तर २७ दिवसांचं व्याज सुमारे १३७५ रुपये होतं. सोयाबीनचा अर्ज बाजूला ठेवला आणि ह्या १३७५ चा लिहायला घेतला.