सॅसल लावलं म्हणजे संदेश एन्क्रिप्ट झाले, असं नाही

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत अजूनही एक समज फिरतो: काफ्काला (अ‍ॅप्समध्ये संदेशांची ने-आण करणारी प्रणाली) सॅसल (ओळख पटवण्याची चौकट) लावलं की संदेश सुरक्षित. हा समज घातक आहे. १९९७ च्या आरएफसी २२२२ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजातलं सॅसल आलं ते ओळख पटवण्याची पद्धत मूळ प्रोटोकॉलपासून वेगळी काढायला. म्हणून प्लेन, स्क्रॅम, कर्बेरॉस यांपैकी ओळख पटवण्याची हवी ती पद्धत जोडता येते. काफ्कात वाटेवरचे संदेश झाकतं ते टीएलएस, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल. ‘सॅसल_प्लेनटेक्स्ट’ (टीएलएसशिवाय सॅसल) निवडलंत तर संदेश उघडेच जातात. पद्धत प्लेन असेल तर पासवर्डही. स्क्रॅममध्ये पासवर्ड झाकलेला राहतो, संदेश मात्र उघडेच, आणि नेमकी इथेच बऱ्याच जणांची गफलत होते! ‘सॅसल_एसएसएल’च (टीएलएससह सॅसल) घ्या. एकाच ब्रोकरवर (काफ्काच्या सर्व्हरवर) दोन्ही प्रकारचे लिसनर (जोडणी स्वीकारणारे पोर्ट) चालतात, त्यामुळे जुने क्लायंट बंद न पाडता एकेक करून हलवता येतात.