सरहद्दयुद्धांचे दुर्मिळ ग्रंथ, वसाहतकालीन अमेरिकेतील (संग्रहप्रथा)

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतवाले, तेथील मूळ रहिवासी आणि फ्रेंच यांच्यात सतराव्या-अठराव्या शतकांत वसाहतींच्या सरहद्दीवर लढाया झाल्या. त्यांविषयी त्याच काळात छापलेली पुस्तके, पत्रके व नकाशे जमवण्याची ही प्रथा आहे. ग्रंथव्यापारात ‘अमेरिकाना’ (अमेरिकेविषयीचे जुने छापील साहित्य) या मोठ्या वर्गाची ही शाखा समजतात. कालमर्यादा ढोबळमानाने पीक्वॉट जमातीविरुद्धच्या युद्धापासून (१६३६–३८) मूळ रहिवाशांचा प्रमुख पॉन्टिअॅक याच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्यापर्यंत (१७६३–६६) धरतात. काही संग्राहक ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत ओढतात. या ग्रंथांच्या शीर्षकांतला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, जुन्या मराठी पुस्तकांतला ‘तांबडा इंडियन’, हे ग्रंथसूची वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सनावळीचीही एक अडचण आहे. १७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात जुनी कालगणना चाले आणि वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधल्या लँकास्टर गावावरचा मूळ रहिवाशांचा हल्ला तत्कालीन पुस्तकांत १० फेब्रुवारी १६७५ चा दिसतो, आजच्या हिशेबाने मात्र तो १६७६ चा. जाणकार सूचीकार अशा ठिकाणी १६७५/७६ असे लिहितात. एकच सन देणाऱ्या सूचीवर विसंबण्यापूर्वी तो कोणत्या गणनेचा, हे पाहावे.

संग्राहकांचे सर्वाधिक लक्ष किंग फिलिपच्या युद्धावरील (१६७५–७६) ग्रंथांकडे असते. वाम्पनोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत. बॉस्टनमध्ये छापखाना सुरू झाला तो नेमका १६७५ मध्ये. जॉन फॉस्टर या हार्वर्डच्या पदवीधराने तो चालवला. इन्क्रीज मॅदर याचा युद्धाचा संक्षिप्त इतिहास (१६७६) व विल्यम हबर्ड याचे युद्धवृत्त (१६७७) ही दोन्ही पुस्तके फॉस्टरचीच छपाई. पैकी हबर्डच्या पुस्तकाने सूचीकारांना जेवढे झगडायला लावले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या अमेरिकी पुस्तकाने लावले असेल. त्याला कारण त्यातला नकाशा.

न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींचा, हा काष्ठठशाचा (लाकडावर कोरून छापलेला) नकाशा इंग्रजी अमेरिकेत छापलेला पहिला नकाशा मानला जातो. ‘येथे कोरलेला हा पहिलाच’ असे त्याच्या मथळ्यात म्हटले आहे. ज्या नमुन्यावरून तो केला तो काही ठिकाणी सदोष होता, म्हणून हाही तितकासा बिनचूक नाही, अशी कबुलीही तेथेच आहे. पश्चिम दिशा वर आहे, त्यामुळे समुद्र पायथ्याशी येतो. गावांच्या नावांशेजारी आकडे आहेत. आकडा असलेले गाव म्हणजे मूळ रहिवाशांनी हल्ला केलेले गाव, आणि आकड्यांचा खुलासा पुस्तकातल्या कोष्टकात मिळतो. नकाशावर कोरणाऱ्याचे नाव नाही. फॉस्टरने याआधी काष्ठठसे कोरले होते आणि छापखाना त्याचाच होता, म्हणून नकाशा त्याचा धरतात. हे अनुमान असले तरी सबळ आहे.

वाद आहे तो नकाशाच्या दोन रूपांविषयी. एका रूपात उत्तरेकडच्या डोंगरांना ‘व्हाइट हिल्स’ म्हटले आहे, दुसऱ्यात ‘वाइन हिल्स’. दोन्हींचे ठसे वेगळे आहेत. हबर्डचे पुस्तक त्याच वर्षी लंडनमध्येही टॉमस पार्कहर्स्टने वेगळ्या शीर्षकाखाली काढले. मग बॉस्टनचा मूळ नकाशा कोणता आणि लंडनची नक्कल कोणती? चूक आधीची आणि दुरुस्ती नंतरची, या न्यायाने ‘वाइन’ पहिला ठरतो. उलट पक्ष असा की, न्यू इंग्लंडचा माणूस पांढऱ्या डोंगरांना मद्याचे डोंगर म्हणणार नाही. परक्या प्रदेशाची नावे वाचणारा लंडनचा कारागीरच असा घोटाळा करील. प्रत्यक्ष प्रती पाहून निकाल लावावा, तर दोन्ही रूपे दोन्ही आवृत्त्यांत बांधलेली सापडतात. नकाशा नसलेल्या प्रतीत दुसरीकडचा घालून ती ‘पूर्ण’ करण्याची व्यापाऱ्यांची व संग्राहकांची सवय जुनी आहे. रँडॉल्फ अॅडम्स याने १९३९ मध्ये हा प्रश्न नव्याने तपासला. १९६७ मध्ये डेव्हिड वुडवर्ड याने नकाशांतील अक्षरांचे बारकाईने परीक्षण केले. ‘व्हाइट’ बॉस्टनचा आणि ‘वाइन’ लंडनचा, हे मत आता बहुतेक सूचीकार स्वीकारतात व तेच अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या लिलावसूचींत मात्र उलट विधाने आढळतात.

मूळ रहिवाशांनी पकडून नेलेल्या वसाहतवाल्यांच्या बंदिवासकथा हा या संग्रहाचा दुसरा मोठा भाग. लँकास्टरच्या हल्ल्यात मेरी रोलंडसन ही पाद्र्याची पत्नी पकडली गेली. सहा वर्षांची जखमी मुलगी तिच्या मांडीवरच गेली. सुमारे अकरा आठवड्यांनी, मे १६७६ च्या आरंभी, २० पौंड खंडणी देऊन तिची सुटका झाली. तिचे निवेदन १६८२ मध्ये बॉस्टनला निघाले, आणि त्याच वर्षी केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) व लंडन येथेही छापले गेले. बॉस्टनच्या पहिल्या आवृत्तीची पूर्ण प्रत आज कोठेही ज्ञात नाही. तिची मोजकी पाने उरली, तीही दुसऱ्या पुस्तकाच्या बांधणीत रद्दी म्हणून चिकटवली होती म्हणून. पुस्तक लोकांनी अक्षरशः झिजेपर्यंत वाचले. जपून ठेवण्याच्या हेतूने ठेवलेले असे काहीच राहिले नाही. म्हणूनच जुनी बांधणी उकलताना आतल्या रद्दीचा कपटाही फेकू नये, असे जाणते बांधणीकार आवर्जून सांगतात. लंडनची आवृत्ती पहिल्या आवृत्तीच्या पाठाला केंब्रिजपेक्षा जवळची असावी, असे रॉबर्ट डीबोल्ड याचे मत आहे.

केंब्रिजच्या प्रतीच्या शीर्षकपृष्ठावर ‘एडिशन’ऐवजी ‘अॅडिशन’ छापले गेले आहे. प्रत ओळखायला ही खूण पुरते. या आवृत्तीचे छपाईचे खिळे जुळवले ते जेम्स प्रिंटर या निपमक जमातीच्या जुळाऱ्याने, असे सामान्यतः मानतात. त्याचे मूळ नाव वोवॉस. तो सॅम्युएल ग्रीनच्या छापखान्यात उमेदवारी करून तयार झाला आणि मिशनरी जॉन एलियटच्या, मॅसॅच्युसेट या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या बायबलच्या (१६६३) छपाईत त्याचा हात होता. युद्धात तो मेटाकॉमच्या बाजूला होता व १६७६ मध्ये माफीच्या घोषणेनंतर परतला. मेडफील्ड गावावरच्या हल्ल्यानंतर तेथील पुलाजवळ सोडलेली धमकीची चिठ्ठी त्याने लिहिली, असे म्हणतात. या म्हणण्याला पुरेसा आधार नाही. ज्या युद्धाची कथा, त्यात विरुद्ध बाजूला असलेल्या माणसाच्या बोटांखालून ती कथा खिळाखिळ्याने गेली. संग्राहकाने ही प्रत हाती घेताना एवढे तरी आठवावे.

इतर ग्रंथांपैकी जॉन अंडरहिल याचे पीक्वॉट युद्धावरील पुस्तक (लंडन, १६३८) मिस्टिक येथील पीक्वॉट तटबंदीच्या, घडी घालून बसवलेल्या चित्रासाठी प्रसिद्ध आहे. चित्र नसेल तर प्रतीची किंमत फार उतरते. डीअरफील्डच्या हल्ल्यात (१७०४) कॅनडाला नेलेला पाद्री जॉन विल्यम्स याचे निवेदन १७०७ चे. किंग फिलिपच्या युद्धात लढलेला इंग्रज कप्तान बेंजामिन चर्च याच्या आठवणी त्याचा मुलगा टॉमस याने १७१६ मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध केल्या. १७७२ च्या न्यूपोर्ट आवृत्तीत पॉल रिव्हिअरने कोरलेली चर्च व फिलिप यांची चित्रे आहेत. दोघांपैकी एकाचेही ते खरे रूप नव्हे. चर्चचा चेहरा इंग्रज कवी चार्ल्स चर्चिल याच्या चित्रावरून उचलला आणि गळ्यात बारुदाचे शिंग अडकवले. जॉर्ज वॉशिंग्टन याची ओहायो मोहिमेची रोजनिशी (विल्यम्सबर्ग, १७५४) अतिदुर्मिळ आहे, तर रॉबर्ट रॉजर्स याच्या रोजनिश्या (लंडन, १७६५) तुलनेने मिळतात.

ब्रिटिश सेनाधिकारी कर्नल बुके याच्या ओहायोतील मूळ रहिवाशांविरुद्धच्या १७६४ च्या मोहिमेचा वृत्तांत (फिलाडेल्फिया, १७६५) ‘स्वदेशप्रेमी’ अशा सहीने निघाला. त्यातला नकाशा टॉमस हचिन्सचा असल्याने पुस्तकही त्याच्याच नावावर चढले आणि एकोणिसाव्या शतकात बराच काळ तसेच राहिले. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचा प्रमुख विल्यम स्मिथ याच्या पत्रातून लेखक तोच असल्याचे स्पष्ट झाले. जुन्या सूचींत हे पुस्तक शोधताना दोन्ही नावांखाली पाहावे. १७६६ च्या लंडन आवृत्तीत बेंजामिन वेस्टच्या चित्रांवरून केलेली दोन कोरीव चित्रे आहेत.

संघटित संग्रहाला जोर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. हार्टफर्डचा जॉर्ज ब्रिन्ली, प्रॉव्हिडन्सचा जॉन कार्टर ब्राऊन व न्यूयॉर्कचा जेम्स लेनॉक्स हे त्या पिढीचे अग्रणी. ब्रिन्लीच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह १८७९ ते १८९३ या काळात पाच भागांत विकला गेला. काही ग्रंथालयांना ठराविक रकमेपर्यंत पैसे न देता खरेदी करता यावी, अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयातील एडवर्ड एयर याच्या संग्रहात बंदिवासकथांचा मोठा साठा आहे. वुस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी (स्थापना १८१२) हीही या विषयाची मोठी जागा. पेनॉबस्कॉट या मूळ रहिवाशांच्या भाषेचा अभ्यासक फ्रँक सीबर्ट याचा संग्रह १९९९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात गेला. सूचींमध्ये टॉमस फील्डची (१८७३), जोसेफ सेबिनने आरंभलेली २९ खंडांची (१८६८–१९३६) आणि सरहद्दीपुरती आर. डब्ल्यू. जी. व्हेल याची (१९४९) या आधारभूत होत.

एकोणिसाव्या शतकातील श्रीमंत संग्राहकांनी पाने धुऊन, कडा कापून, तांबड्या मोरक्को चामड्यात पुस्तके बांधून घेतली. मूळ बांधणी, वाचकांच्या सह्या, समासातली टिपणे त्यात गेली, आणि हे नुकसान भरून येणारे नाही. आज डागाळलेली पण मूळ चामड्यातली प्रत अधिक मोलाची मानतात. गहाळ पाने हाताने रेखून बसवण्याचीही पद्धत होती. लंडनच्या जॉन हॅरिसचे काम इतके हुबेहूब असे की नुसत्या नजरेला ते ओळखू येत नसे. अशा वेळी पान तिरप्या उजेडात धरून मागच्या बाजूने बोट फिरवतात. खिळ्यांनी छापलेल्या ओळी कागदात रुतलेल्या असतात, त्यांचा उठाव बोटाला जाणवतो. रेखलेले पान सपाट लागते. कागद चिंध्यांचा असल्याने तो तीनशे वर्षांनंतरही तुटत नाही. खरा शत्रू ओल आणि कसर.

दक्षिणेकडील वसाहतींच्या युद्धांवर तत्कालीन छापील ग्रंथ थोडे आहेत. मूळ रहिवाशांच्या बाजूचे युद्धवृत्त या साठ्यात जवळजवळ नाही. त्यांच्या भाषेतली पुस्तके बहुतांशी धार्मिक असल्याने संग्राहक ती वेगळ्या कप्प्यात ठेवतात. प्रस्तुत लेखकाला ती युद्धग्रंथांशेजारीच असावीत असे वाटते. १७०९ मध्ये बॉस्टनला मॅसॅच्युसेट भाषेत स्तोत्रसंहिता छापली गेली. तिच्या शीर्षकपृष्ठावर मुद्रकांची दोन नावे आहेत, मध्ये त्या भाषेतला ‘आणि’ घालून : बी. ग्रीन काह जे. प्रिंटर.