कॅड येतं म्हणजे कॅम येतंच असं नाही

"मला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) येतं" म्हणणाऱ्याला नक्की काय शिकलास विचारलं की बऱ्याचदा निघतं कॅड. म्हणजे पार्ट स्क्रीनवर काढता येतो, मशीनवर कापता येत नाही. कॅड आणि कॅम, नावात एका अक्षराचा फरक, वर एकाच सॉफ्टवेअरमधे दोन्ही शेजारी शेजारी, घोळ होणारच.

कॅडमधे आपण सांगतो वस्तू कशी हवी, मापं काय, भोक कुठे. कॅममधे सांगतो ती कापायची कशी, टूल कुठलं, शिरणार कुठून, एका फेरीत किती खोल, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या भागाचा) स्पीड किती. त्यातून जी-कोड, म्हणजे मशीनसाठीच्या सूचना, निघतो आणि मशीन फक्त तोच वाचतं, तुमचं देखणं मॉडेल बिचाऱ्याने बघितलेलंही नसतं.

आता एक चौकोनी पॉकेट, म्हणजे ठोकळ्यात कोरलेला खड्डा, काढा, आतले कोपरे एकदम काटकोनात. कॅड काहीच बोलणार नाही. पण ६ एमएम व्यासाचा एंडमिल (फिरत कापणारं टूल) लावला की टूलच गोल, म्हणून आतल्या कोपऱ्यात ३ एमएमची गोलाई राहतेच, मग त्यात चौकोनी तुकडा बसवायला जा, बसत नाही! हे फळ्यावर कितीही समजावा, पण तो कापलेला जॉब हातात घेऊन कोपऱ्यात नख फिरवलं की पुढच्या वेळी पोरं ड्रॉइंग काढतानाच विचारतात, टूल कुठलं आहे?

थ्रीडी प्रिंटरवर शिकलेल्यांची जरा जास्तच फसगत होते, कारण तिथे कॅमचं काम स्लायसर (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) गुपचूप करतो.

आणि कटिंगचं स्क्रीनवरचं सिम्युलेशन नीट चाललं म्हणून खूश होऊ नका, वाइस (जॉब पकडणारा शिकंजा) मॉडेलमधे टाकलाच नसेल तर टूल त्यात घुसतंय हे त्याला कळणार कसं? झेडचा झिरो (जिथून खोली मोजायची ती उंची) पण हातानेच लावायचा, जॉबवर कागद ठेवून टूल हळूहळू खाली आणायचं, कागद ओढताना अडकायला लागला की थांबायचं, जाडी साधारण ०.१ एमएम धरायची. मग आधी टूल जॉबच्या वर ठेवून हवेत एक फेरी, हात इमर्जन्सी स्टॉपजवळ.

गंमत म्हणजे एमआयटीत पंच टेपवर चालणारं मिलिंग मशीन १९५२ ला दाखवलं होतं, आणि स्क्रीनवर चित्र काढणारा स्केचपॅड तिथेच आला १९६३ ला. म्हणजे कापणं आधी, चित्र नंतर. मी पण शिकवताना आधी तयार मॉडेल देऊन कॅम आणि कटिंगच करायला लावतो, कॅड नंतर. पहिला जॉब मशीनेबल वॅक्सचा (मशीनवर कापता येणारं कडक मेण), चुकून टूल जास्त खोल गेलं तरी सहसा मोडत नाही आणि चुरा वितळवून परत ठोकळा होतो.